हिवताप नकाशावर सरकतो कसा? वडिलांच्या वहीवरून पडलेला प्रश्न

पायथ्याचे_गाव | 3 जुलै, सकाळी 9:10

माझे वडील 1962 पासून हिवताप निर्मूलन कार्यक्रमात सर्वेक्षण कर्मचारी होते. धुळे जिल्ह्यातील सातपुड्याच्या पायथ्याची काही गावे त्यांच्याकडे होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचे, कुणाला ताप येऊन गेला का ते विचारायचे, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा नमुना घ्यायचा, क्लोरोक्विनच्या चार गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या आणि दारामागे भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घरी जायचे, असे ते काम होते. गेल्या महिन्यात घर आवरताना त्यांच्या स्वतःच्या नोंदींची वही सापडली. 1965 ते 1971 या वर्षांत ‘दूषित’ या रकान्यात पानेच्या पाने शून्य आहेत. 1974 च्या उन्हाळ्यात एका गावासमोर तांबड्या शाईने 2 लिहिलेले आहे, पावसाळ्यानंतर तीन गावांसमोर असे आकडे आहेत आणि 1976 मध्ये तर जवळजवळ सगळे पान तांबडे झालेले आहे.

जो आजार सहा-सात वर्षे त्या गावांत नव्हताच, तो परत आला कुठून? आणि देशाच्या पातळीवर पाहिले तर एके काळी पंजाब-बंगालच्या मैदानांत थैमान घालणारा हा रोग आज प्रामुख्याने जंगलपट्ट्यात का उरला आहे? जाणकारांनी आणि ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

ओली_माती | 3 जुलै, सकाळी 10:02

वही जपून ठेवा. एक साधा प्रश्न विचारतो: डासच उडत उडत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात रोग नेतात ना?

काचपट्टी | 3 जुलै, दुपारी 1:35

ओली_माती, बहुतेकांचा हाच समज असतो, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. मी पस्तीस वर्षे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपट्ट्या तपासल्या आहेत. हिवतापाचा डास साधारणपणे दोन-तीन किलोमीटरच्या परिघातच जगतो आणि मरतो. रोगाचा लांबचा प्रवास माणसाच्या रक्तातून होतो. ज्याच्या रक्तात परजीवी आहे असा माणूस नव्या गावी पोचला, तिथे ॲनोफिलिसची मादी त्याला चावली आणि पुढचे दहा-बारा दिवस जगली, तरच तिच्या लाळेतून रोग पुढच्याला होतो. एवढा काळ परजीवीची डासाच्या पोटात वाढ व्हावी लागते, आणि थंडी फार असली तर ती वाढ थांबते. थोडक्यात, डास स्थानिक असतो आणि परजीवी पाहुणा असतो.

पायथ्याचे_गाव यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर परजीवीच्या स्वभावातही आहे. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती आढळतात. व्हायव्हॅक्स हा यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो आणि रोगी बरा झाला असे वाटत असतानाच पुन्हा ताप आणतो. त्याचा समूळ नायनाट करण्यासाठी प्रायमाक्विन द्यावे लागते आणि तो कोर्स पुष्कळ लोक अर्धवट सोडतात. फॅल्सिपेरम यकृतात असा दडत नाही, पण वारंवार रोग होणाऱ्या भागातल्या लोकांच्या रक्तात तो ताप न आणताही राहू शकतो. म्हणजे वहीत शून्य असले, तरी बाजारहाटाला आणि मजुरीला ये-जा करणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी शरीरात बी शिल्लक असू शकते.

जुना_सेवक | 3 जुलै, रात्री 9:48

मी भामरागड आणि एटापल्ली भागात आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली, त्यामुळे जंगलपट्ट्याबद्दल लिहितो.

आमच्याकडे डासाची मुख्य जागा म्हणजे डोंगरातून येणारे स्वच्छ, संथ झरे आणि नाल्यांच्या कडेची डबकी. ॲनोफिलिस फ्लुव्हिॲटिलिस ही जात अशा वाहत्या पाण्यात वाढते आणि माणसालाच चावणे पसंत करते, त्यामुळे थोड्या डासांनीही रोग टिकून राहतो. मैदानातल्या क्युलिसिफॅसिसचे तसे नाही. ती गुरांवर जास्त जगते आणि रोग पसरवायला तिची संख्या फार वाढावी लागते.

फवारणी कागदावर पूर्ण होत असे, पण प्रत्यक्षात काय घडत होते ते सांगतो. माडिया घरांच्या भिंती कुडाच्या आणि मातीच्या असतात. फवारणीनंतर पंधरा दिवसांत सणाला किंवा लग्नाला घर लिंपले, सारवले की औषध मातीखाली गाडले जाते. भाताच्या राखणीला माणसे रात्ररात्र शेतातल्या माळ्यावर झोपतात आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात अख्खे कुटुंब जंगलात असते. घराची भिंत फवारून त्यांचे रक्षण कसे होणार? पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा संपर्क तुटत असे. तेव्हा आम्ही घेतलेल्या रक्तपट्ट्यांचे निकाल कधी कधी तीन-चार आठवड्यांनी परत येत. एका गावात सहा वर्षांच्या मुलीची पट्टी मी स्वतः घेतली होती. ‘फॅल्सिपेरम’ असा निकाल हाती आला तेव्हा ती जाऊन बारा दिवस झाले होते. तिच्या आईला काय सांगावे हे मला त्या दिवशी सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

पुढे आशा ताईंच्या हाती झटपट चाचणीचे किट आले आणि पंधरा-वीस मिनिटांत गावातच निदान होऊन औषध सुरू होऊ लागले. माझ्या मते जंगलातला सगळ्यात मोठा बदल तोच आहे. मच्छरदाणीचे महत्त्व त्याच्या खालोखाल.

कालवा | 4 जुलै, सकाळी 7:20

जुना_सेवक, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ पुढे वाचवेना.

मी पाटबंधारे क्षेत्रातला माणूस असल्यामुळे मैदानांबद्दल लिहितो. पंजाबात 1908 च्या अतिवृष्टीनंतर शरद ऋतूत जी साथ आली, तिच्यात काही महिन्यांत सुमारे तीन लाख माणसे गेली असे मानले जाते. क्रिस्टोफर्स या लष्करी डॉक्टरांनी 1911 मध्ये त्या साथीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पावसाबरोबर धान्याचे भाव जोडून दाखवले. ज्या वर्षी धान्य महाग आणि त्यातच पूर, त्या वर्षी मृत्यू जास्त. पंजाबात रोग कायम मुक्कामाला नव्हता, काही वर्षांच्या अंतराने तो उसळत असे. मधल्या काळात जन्मलेली मुले त्याला अनोळखी असत आणि साथ आली की तीच आधी बळी पडत.

दुसरे उदाहरण राजस्थानचे आहे. थरच्या वाळवंटात पूर्वी रोग अगदी कमी होता, कारण डासाला पाणीच नव्हते. घराघरांतली पावसाचे पाणी साठवण्याची टाकी, ज्यांना तिकडे टांका म्हणतात, एवढीच काय ती स्टीफेन्सी डासाची जागा होती. इंदिरा गांधी कालवा आल्यावर कडेने पाझर, दलदल आणि भिजणारी शेते तयार झाली आणि क्युलिसिफॅसिसही स्थिरावली. 1994 मध्ये पश्चिम राजस्थानात मोठी साथ आली. पाणी आणणे चुकीचे होते असे मी कधीही म्हणणार नाही, त्या पाण्याने लाखो कुटुंबे जगली आहेत. पण कालव्याच्या अंदाजपत्रकात पाण्याच्या निचऱ्यासाठी पुरेसा पैसा धरलेला नसला की त्याची किंमत गावाला तापाने मोजावी लागते, हे मी माझ्या कामात डोळ्यांनी पाहिले आहे.

फवारा | 4 जुलै, सकाळी 11:15

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मूळ मुद्दा सुटतो आहे असे मला वाटते. 1974-76 च्या उद्रेकाचे मुख्य कारण कीटकनाशकाला निर्ढावलेला डास हे आहे, कालवा किंवा मजूर नव्हे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होते. त्यापूर्वीच डॉ. विश्वनाथन यांनी मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि कानडा जिल्ह्यांत डीडीटीचे प्रयोग यशस्वी केले होते. 1953 मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि 1958 मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि 1965 मध्ये नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास उरले. 1976 मध्ये तोच आकडा सुमारे 64 लाख 70 हजार झाला. गुजरातेत क्युलिसिफॅसिस डीडीटीला दाद देत नाही हे 1950 च्या दशकाच्या अखेरीसच दिसू लागले होते. औषधच चालत नसेल तर बाकी चर्चा कशाला?

काचपट्टी | 4 जुलै, दुपारी 12:40

फवारा, आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष पुरा पडत नाही. डास निर्ढावला म्हणून जो रोग तिथे नाही तो आपोआप उगवत नाही, परजीवी कुणीतरी आणावाच लागतो. शिवाय 1960 च्या दशकात बऱ्याच भागांत फवारणी थांबवून ते ‘देखभालीच्या टप्प्यात’ टाकले गेले. तिथली राखण सर्वसाधारण आरोग्य केंद्रांनी करायची होती आणि पुष्कळ ठिकाणी ती केंद्रे पुरेशी उभीच राहिली नव्हती. त्यात डीडीटी वेळेवर न पोचणे आणि पैशाची ओढाताण यांची भर पडली. 1973 मध्ये आसामात कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपेरम आढळला आणि पुढे तो देशभर पसरला. औषधाला न जुमानणारा हा परजीवीही माणसाबरोबरच फिरला, हे लक्षात घ्या.

फवारा | 4 जुलै, दुपारी 2:05

देखभालीच्या टप्प्याबद्दलचे म्हणणे मान्य आहे. आमच्याच तालुक्यात फवारणीचे पंप कुलूपबंद होऊन गंजले होते, आणि पुढे गरज पडली तेव्हा त्यांची वायसरसुद्धा मिळेना. तरीही डासाच्या प्रतिकाराला मी पहिले स्थान देईन.

मांडवी_काठ | 4 जुलै, रात्री 8:30

जंगल आणि कालवा झाला, आता शहर. गोव्यात माझ्या लहानपणी मलेरिया ऐकिवातही नव्हता. 1986 च्या सुमारास पणजीत साथ सुरू झाली आणि मग बांधकामांबरोबर ती किनाऱ्याने पसरत गेली. नव्या इमारतीचा स्लॅब पडला की त्यावर सिमेंटची आळी करून आठ-दहा दिवस पाणी भरून ठेवतात. त्या स्वच्छ, उन्हात तापलेल्या पाण्यात स्टीफेन्सीच्या अळ्या तयार होतात. खाली त्याच इमारतीत, दारे-खिडक्या नसलेल्या खोल्यांत, दूरच्या राज्यांतून आलेले मजूर झोपलेले असतात. परजीवी, डास आणि झोपलेला माणूस असे तिघे एकाच छताखाली येतात. पुढे गोव्यात बांधकाम मजुरांना रक्त तपासून आरोग्यपत्र देणे सक्तीचे झाले आणि त्याचा उपयोग झाला.

मला एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. या साऱ्यात मजुराला ‘रोग आणणारा’ म्हणून बोट दाखवले जाते आणि ते मला अन्यायाचे वाटते. पुष्कळदा तो इथेच आजारी पडतो आणि ताप गावी घेऊन जातो. पाणी साठवून ठेवणारा ठेकेदार असतो आणि त्याच्या अंगावर ताप येत नाही.

गिरगाव_चाळ | 4 जुलै, रात्री 10:11

मुंबईतही हेच सूत्र शंभर वर्षांपूर्वी दिसले होते. डॉ. बेंटली यांनी 1911 च्या अहवालात दाखवून दिले की शहरातल्या तापाचे मूळ दलदलीपेक्षा घरांच्या आवारातल्या विहिरींत आहे. विहिरी बुजवण्याचे किंवा घट्ट झाकण्याचे आदेश निघाले तेव्हा ज्यांच्या धार्मिक विधींना विहिरीचे पाणी लागे त्यांनी, विशेषतः पारशी समाजाने, विरोध केला आणि मधले मार्ग काढावे लागले. आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आहे. टाकीला डास शिरणार नाही असे झाकण हवे आणि तपासणीसाठी शिडी हवी, असा महापालिकेचा आग्रह असतो तो त्यामुळेच. 2010 मध्ये मुंबईत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, तेव्हा आमच्या चाळीतल्या चार टाक्यांपैकी तीन उघड्या सापडल्या होत्या.

हेच बेंटली पुढे बंगालच्या आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि तिथे त्यांनी अगदी वेगळे कारण मांडले. रेल्वेचे आणि रस्त्यांचे भराव घातल्यामुळे नद्यांचे गाळाचे पाणी शेतांवर पसरेनासे झाले, साचलेल्या पाण्यात डास वाढले आणि जमीनही निःसत्त्व झाली, असे त्यांचे म्हणणे होते. बर्दवानच्या तापाच्या काळात, 1860 च्या दशकात, दिगंबर मित्र यांनीही भरावांमुळे निचरा अडला याकडे लक्ष वेधले होते. एकाच माणसाला मुंबईत विहीर आणि बंगालमध्ये भराव दोषी दिसला आणि माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही ठिकाणी तो बराचसा बरोबर होता.

ओली_माती | 5 जुलै, सकाळी 8:00

थोडे विषयांतर करतो. आमची आजी हिवतापाला ‘एकांतरा’ म्हणायची आणि लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला चाचपून ‘पानथरी वाढली आहे’ असे सांगायची. त्याचा या आजाराशी संबंध आहे का?

काचपट्टी | 5 जुलै, सकाळी 9:25

अगदी थेट संबंध आहे. व्हायव्हॅक्सचा ताप एक दिवसाआड येतो म्हणून एकांतरा. पानथरी म्हणजे प्लीहा, आणि वारंवार हिवताप झाला की ती वाढते. रक्ततपासणी सर्रास होण्यापूर्वी गावातल्या किती मुलांची पानथरी हाताला लागते यावरूनच तिथे रोग किती मुरला आहे ते ठरवत असत. क्रिस्टोफर्स यांच्या काळातले सर्वेक्षण मुख्यतः असेच चालत असे. आजींच्या बोटांना जे समजत होते तेच त्या काळचे डॉक्टर मोजत होते.

रकाना_पाहणारा | 5 जुलै, दुपारी 12:18

सगळे जण आकडे देत आहेत म्हणून एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. नकाशावर रोग ‘सरकला’ असे दिसते तेव्हा काही वेळा आपले शोधणे सरकलेले असते. जिथे रक्तपट्ट्या घेतल्या जात नाहीत तिथे रुग्ण शून्यच दिसणार. 2010 मध्ये घरोघरी मृत्यूची कारणे विचारून केलेल्या एका अभ्यासाने भारतात हिवतापाचे मृत्यू वर्षाला सुमारे दोन लाख असावेत असा अंदाज मांडला, तर सरकारी नोंद त्या काळी हजाराच्या आसपास असे. त्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली, कारण नातेवाइकांनी सांगितलेला ताप हिवतापच होता हे ठरवणे अवघड आहे. तरीही ज्या गावात डॉक्टर पोचत नाही तिथला मृत्यू नोंदीत येत नाही, हा मुद्दा त्या टीकेने खोडला जात नाही. जुना_सेवक यांनी सांगितलेल्या त्या मुलीची नोंद कुठल्या रकान्यात झाली असेल?

जुना_सेवक | 5 जुलै, दुपारी 3:50

तिची नोंद झाली, कारण मी ती हट्टाने करून घेतली. सगळ्यांची झाली नाही.

महानदी_तीर | 5 जुलै, रात्री 9:05

मी मूळची अमरावतीची, गेली अठरा वर्षे भुवनेश्वरला आहे. ओडिशाचे उदाहरण इथे यायलाच हवे, कारण रकाना_पाहणारा म्हणतात त्याची ती उलट बाजू आहे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत देशातल्या एकूण रुग्णांपैकी जवळपास चाळीस टक्के एकट्या ओडिशात असत आणि तेही कोरापुट, मलकानगिरी, रायगडा, कंधमाल अशा डोंगराळ जिल्ह्यांत. 2017 मध्ये ‘दुर्गम अंचलरे मलेरिया निराकरण’, म्हणजे ‘दमन’, ही मोहीम सुरू झाली. तिच्यात ताप आलेल्यांची वाट न पाहता पाड्यावरच्या प्रत्येकाचे रक्त वर्षातून दोनदा तपासले गेले आणि ज्यांना काहीच त्रास नव्हता पण रक्तात परजीवी सापडला त्यांनाही औषध दिले गेले. बरोबरीने मच्छरदाण्या वाटल्या. 2017 मध्ये राज्यात साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण होते, ते 2018 मध्ये 66 हजारांवर आले. आधी शोधणे वाढवले आणि तरीही आकडा घटला, म्हणून ही घट खरी आहे असे मला वाटते.

देशाचा आकडाही त्यानंतर झपाट्याने खाली आला. 2015 मध्ये नोंदलेले रुग्ण 11 लाख 69 हजार होते, 2023 मध्ये ते सुमारे 2 लाख 27 हजार झाले. 2027 पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणायची आणि 2030 पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट आहे.

अदिसहून | 6 जुलै, पहाटे 5:40

मी कामानिमित्त इथिओपियात असतो. डास स्थानिक असतो हे काचपट्टी यांचे म्हणणे सर्वसाधारणपणे खरे असले तरी एक अपवाद नोंदवावासा वाटतो. मुंबई-गोव्याच्या टाक्यांतला तोच स्टीफेन्सी डास 2012 मध्ये जिबूती या बंदराच्या देशात सापडला, 2016 मध्ये इथिओपियात आणि पुढे सुदान, नायजेरिया, केनियातही आढळला. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांचा आजार होता. शहरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढणारा हा डास आल्यामुळे इथली शहरेही आता धोक्यात आली आहेत. तो जहाजांच्या मार्गाने आला असावा असा इथल्या तज्ज्ञांचा कयास आहे. दोन किलोमीटर उडणारा डास माणसाच्या वाहनाने समुद्र ओलांडू शकतो.

काचपट्टी | 6 जुलै, सकाळी 8:15

दुरुस्ती मनापासून मान्य. मी ‘डास स्थानिक असतो’ हे फार ठामपणे लिहिले होते.

फवारा | 6 जुलै, सकाळी 10:30

पायथ्याचे_गाव, मूळ प्रश्न तुमचा होता. वहीत पहिला तांबडा आकडा ज्या गावासमोर आहे, ते गाव कालव्यालगतचे आहे की जंगलालगतचे? डोंगरापलीकडून परजीवी आला असेल तर तेही त्यावरून कळेल.

पायथ्याचे_गाव | 8 जुलै, रात्री 10:20

दोन दिवस उत्तर देता आले नाही याबद्दल क्षमस्व. मी वही घेऊन गावी गेले होते. वडील आता 86 वर्षांचे आहेत, त्यांना नीट ऐकू येत नाही, पण तुम्हा सर्वांचे प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. जुना_सेवक यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

फवारा, ते गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, परंतु त्या काळी तिथे कालवा नव्हता आणि दाट जंगलही गावापासून लांब होते. मी वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “शेवटचा रकाना वाच.” मी आजवर तो रकाना पाहिलाच नव्हता, कारण सात वर्षे तो कोरा होता. त्याचे शीर्षक आहे ‘कोठून आला’. त्या काळी दूषित रुग्ण सापडला की तो गावातच आजारी पडला की बाहेरून आजार घेऊन आला, याची घरी जाऊन चौकशी करावी लागे आणि ती नोंद ते तिथे करत. 1974 च्या पानावर दोन्ही रुग्णांसमोर पेन्सिलीने लिहिलेले आहे: ‘ऊसतोड, सुरत जिल्हा. होळीला परत.’ ते एक नवरा-बायकोचे जोडपे होते. त्या पट्ट्यातली कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जात आणि होळीला गावी येत. गुजरातेत डास डीडीटीला दाद देत नव्हता हे फवारा यांनी लिहिलेच आहे आणि कालवा यांना तिथल्या भिजलेल्या उसाच्या शेतांची कल्पना असेल. आपल्या चर्चेतल्या दोघांचेही म्हणणे त्या एका ओळीत एकत्र आले आहे.

पावसाळ्यानंतरच्या तीन गावांसमोर त्या रकान्यात दोन ठिकाणी पुन्हा ‘ऊसतोड’ आहे आणि तिसऱ्या ठिकाणी पहिल्यांदाच ‘गावातच’ असे लिहिलेले आहे. त्या शब्दाखाली वडिलांनी दोन रेघा मारल्या आहेत. मी विचारले की रेघा का मारल्या, तर ते म्हणाले, “त्या दिवशी मी सायकल तशीच वळवली आणि वरिष्ठांना सांगायला तालुक्याला गेलो. फवारणी मागितली.”

फवारणी आली का, असे मी विचारले. “पुढच्या वर्षी,” ते म्हणाले.

उद्या त्या पानांची छायाचित्रे इथे टाकते. रुग्णांची नावे झाकून टाकीन, गावे आणि शेवटचा रकाना तसाच ठेवीन.